कावळा नसलेली खिंड

साडेसहा हजार फुटांवर बटाटा लवकर शिजत नाही. पाणी खळाखळा उकळताना दिसतं, पण त्या उकळीत पुरती धग नसते. एरवीइतका वेळ ठेवलात, तर बटाट्याच्या पोटात खडा राहतोच. अमेरिकेत मी एवढीच विद्या शिकलो असं म्हटलं तरी चालेल. सातवीत शाळा सुटलेल्या माणसाने दिवाळी अंकात काय लिहावं, असं मी संपादकबाईंना फोनवर विचारलं, तर त्या म्हणाल्या, "जिथे राबलात तिथलं लिहा." म्हणून बटाट्यापासून सुरुवात केली. पुढे जे सांगायचंय त्यात तो येणार आहे.

हवाईमधलं सगळ्यात मोठं बेट ज्वालामुखींनी घडवलेलं आहे. बेटाच्या मध्यावर दोन अजस्र डोंगर, उत्तरेला मौना केआ आणि दक्षिणेला मौना लोआ. पूर्वेच्या हिलो गावाहून पश्चिम किनाऱ्याला जाणारा रस्ता या दोघांच्या मधून जातो. मधला भाग खोगिरासारखा दिसतो, म्हणून त्या रस्त्याचं नावच सॅडल रोड. मी मात्र पहिल्या दिवसापासून त्या जागेला खिंडच म्हणालो. हिलोकडून चढायला लागलं की आधी पाऊस आणि नेच्यांचं रान. मग झाडं खुजी होत जातात, आणि एका वळणावर सगळं हिरवं संपून काळं सुरू होतं. लाव्हा. लांबून बघाल तर नुकतं नांगरलेलं रान वाटतं, पण जवळ जाऊन एक ढेकूळ उचललंत तर हात कापतो. दुपारनंतर खालचे ढग वर येतात आणि खिंड दुधासारखी भरून जाते. त्या ढगांच्या वर दोन्ही डोंगरांची डोकी तेवढी उन्हात. लोक फोटो काढायला मरतात. मी सहा वर्षं रोज बघितलं आणि रोज घर आठवलं.

या खिंडीत आमचं 'हाफवे' नावाचं हॉटेल होतं. लाकडी बैठं घर, वर पत्रा, मागे मुक्कामाच्या चार खोल्या. फार पूर्वी गुरं हाकणारे घोडेस्वार इथे घोड्यांना दम द्यायला थांबत. पुढे घोडे गेले, ट्रक आले, पण थांबण्याची रीत राहिली. मालकीण मिचिकोआंटी सत्तरीची होती. तिचे आजोबा जपानहून उसाच्या मळ्यात मजुरीला आलेले. मी गोव्याच्या हॉटेलात भांडी घासून, मग बोटीवर भंडारी म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी होऊन, मग किनाऱ्यावरच्या एका हॉटेलातून २००१ साली तिच्याकडे आलो. तिने माझे अमेरिकेत राहण्याचे कागद वकील लावून सरळ करायला घेतले. या उपकारातून मी कधी सुटणार नाही. फक्त, कागद पुरे होईपर्यंत देश सोडून जाता येत नव्हतं. गेलो तर परत येण्याची खात्री नव्हती. मी मुळात घाबरट. दारात पोलिसांची गाडी कॉफी प्यायला थांबली तरी मी मागच्या खोल्या झाडायला निघून जायचो.

आमच्या धंद्याचा नियम एकच होता. खिंडीतून एक फाटा मौना केआवर जातो. वर ढगांच्या माथ्यावरून सूर्यास्त बघायला माणसं जातात, त्याहून वर दुर्बिणी आहेत. हवा विरळ, पोट ढवळतं. म्हणून वर जाणाऱ्याला हलकं द्यायचं, चहा, बिस्किटं, फार तर सूप. उतरून आला की भरपेट. माझे वडील करूळ घाटाच्या माथ्यावर, पिंपळाखाली, चहा-वड्याची टपरी चालवत, तेही हेच म्हणायचे. "चढाला पोट हलकं." खालच्या आमच्या गावातून एस.टी.त बसणाऱ्या बाया-बापड्यांना ते गावातच बजावत, नाहीतर सगळा वडा खिडकीबाहेर. सातासमुद्रापलीकडे येऊन मी बापाचाच धंदा केला, फक्त इथे खुर्च्या होत्या.

गिऱ्हाईकं सगळ्या तऱ्हेची. अमेरिकेतल्याच ट्रॉय शहरातून आलेले एक मराठी गृहस्थ गाड्यांच्या कंपनीत ब्रेकचे इंजिनिअर होते. त्या काळी भाड्याची गाडी या रस्त्यावर आणायला मनाई असायची. त्यांनी आणली, आणि हॉटेलसमोर कुणी बघेल म्हणून ती आमच्या पाण्याच्या टाकीमागे लपवली. मग चहा पिता पिता मला म्हणतात, "ब्रेक आवाज करतायत हो. काय करावं?" मी म्हटलं, "साहेब, तुम्ही मला विचारताय?" पार्सिपनी गावचं एक मराठी कुटुंब आलं होतं. मुलगा बाहेर बघून म्हणाला, "डॅड, देअर इज नथिंग हिअर." आई थालीपीठ सोडत म्हणाली, "तेच बघायला आलोय. गप खा."

आणि साळुंक्या. गाड्या लावायच्या जागेत पावाचे तुकडे टिपत हिंडायच्या, मुकादम कामावर फिरतो तशा, छाती काढून. आमच्याकडे रोज कॉफीला येणारा कालानी अंकल एकदा म्हणाला, "या तुझ्याच गाववाल्या." तो मूळचा इथलाच, म्हातारा हवाईयन, जन्मभर घोड्यावर गुरं राखलेला. या साळुंक्या शंभराहून जास्त वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून आणल्या म्हणे, पिकावरच्या अळ्या खायला. मला खूप बरं वाटलं. कागदांशिवाय राहिलेलं कुणीतरी आहे.

आण्णा आले ते या सगळ्यानंतर.

एका दुपारी मोठी पांढरी गाडी लागली. आधी उतरला तो पस्तिशीचा मुलगा, प्रशांत. कॅलिफोर्नियात सनीव्हेलला कॉम्प्युटरच्या चिपच्या कंपनीत. मग पिवळं पातळ, पायात मोजे आणि स्पोर्ट्स शूज घातलेली त्याची आई, त्यांना मी पुढे मावशी म्हणालो. शेवटी वडील, म्हणजे आण्णा. ते गाडीतून उतरले आणि आधी टायर बघितले, मग रस्ता, मग मला. नातू झाला म्हणून कोल्हापूरहून आलेले. सून आणि बाळ किनाऱ्यावरच्या हॉटेलात राहिली होती, कारण तान्ह्यांना इतक्या उंचीवर आणत नाहीत.

मावशी हात धुवायला आत गेल्या. प्रशांत फोनला रेंज मिळते का बघायला बाहेर. आण्णा गल्ल्यापाशी आले. माझ्या मागच्या भिंतीवरचं मराठी कॅलेंडर त्यांनी टिपलं होतं.

"काय पावणं, मराठी?"

"हो. करूळ घाटाखालचा."

"करूळ! आयला! आरं, त्या घाटातनं म्या गाडी घातलीया. कोल्लापूर डेपो. तिसाच्या वर वर्सं येस्टी चालिवली." मग बाहेर बोट करून, "आन् ह्यो बग माझा ल्योक. ग्येर न्हाई, क्लच न्हाई, नुस्ता पाय ठ्येवून बसतोय. ह्येला काय ड्रायव्हिंग म्हणत्यात व्हय?"

मी हसलो. त्यांनी बाथरूमच्या दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "ती आत हाय तवर बोल. वडा हाय का?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. घाटमाथ्यावर ज्या टपरीपाशी एस.टी. थांबते, तिथे ड्रायव्हर-कंडक्टरला चहा-वडा फुकट असतो. गाडी थांबली तर गिऱ्हाईक उतरतं, म्हणून. आण्णा म्हणाले, "घाटातला वडा म्या जल्मात इकत खाल्ला न्हाई."

मी म्हटलं, "वडा आत्ता नाही. पण करतो. इथे बटाटा शिजायला वेळ लागतो. आणि तुम्ही वर चाललाय, वर जाताना आम्ही तळलेलं देत नाही."

"चढाला पोट हलकं," आण्णा म्हणाले. "बराबर हाय तुजं."

वडिलांचंच वाक्य. शब्द तेच होते. त्यांना विचारावं असं फार वाटलं की आण्णा, माथ्यावर कुठल्या टपरीपाशी थांबायचात? पिंपळाखालच्या? तिथे डाव्या पायाने किंचित लंगडणारा माणूस होता का?

"मग उतरताना?" ते म्हणाले.

"उतरताना गरम तयार ठेवतो."

"ठेव. हिला दावू नगंस."

दार वाजलं आणि मावशी बाहेर आल्या. आण्णांनी पुढ्यातला कप उचलला आणि मोठ्यांदा म्हणाले, "चा लई ग्वाड केलाय बगा ह्येनी." मावशी म्हणाल्या, "मग पिऊ नगा." विचारायचं राहिलं. मनात म्हटलं, उतरताना वडा खाताना विचारू. तेव्हा बोलायला वेळही असतो.

निघताना आण्णांनी एक गोष्ट केली. गाड्या लावतात त्या जागेच्या कडेला, खिंडीच्या अगदी माथ्यावर, दगडांची एक जुनी रास होती. त्यांनी शेजारच्या झुडपाची एक डहाळी मोडली, राशीवर ठेवली, हात जोडले. आमच्याकडे घाट ओलांडताना जुनी माणसं हेच करतात. बाकावर बसलेल्या कालानी अंकलने ते बघितलं आणि डोक्यावरची हॅट काढून मांडीवर ठेवली. त्याचेही वाडवडील खिंड ओलांडताना तिथे पान ठेवत. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. आण्णांनी त्याला सलाम ठोकला, ड्रायव्हर समोरच्या ड्रायव्हरला ठोकतो तसा.

मी बटाटे कुकरला लावले. लसूण-मिरची वाटून ठेवली. बाहेर धुकं भरून आलं. आणि मग ती पांढरी गाडी दिवे लावून खाली आली, वळण घेतलं, आणि आमच्यापाशी न थांबता हिलोकडे गेली.

मला राग आला, खरं सांगतो. म्हटलं, विसरले.

दुसऱ्या दिवशी पोलिसांची गाडी आली. अधिकाऱ्याने अदबीने विचारलं, काल एका म्हाताऱ्या भारतीय गृहस्थाने इथे काय खाल्लं? मी म्हटलं, चहा. दोन बिस्किटं. त्यातलंही एकच त्यांनी खाल्लं, दुसरं बायकोला दिलं. त्याने लिहून घेतलं. मग मिचिकोआंटीने त्याला विचारलं, तेव्हा मला कळलं. वर पोचायच्या आधीच, गाडीत, मागच्या सीटवर आण्णा गेले होते. मावशींना वाटलं, डुलकी लागली. प्रशांत तसाच हिलोच्या दवाखान्याकडे धावला. डॉक्टर म्हणाले, आधीच ऑपरेशन झालेलं हृदय होतं, घरच्या सोफ्यावर बसल्या बसल्याही असंच झालं असतं. मला कुणी काहीच बोललं नाही. पण मी आत जाऊन बटाटे बघितले. सोललेले, गार, तसेच.

अंत्यसंस्कार हिलोलाच झाले. मला वाटलं, गेले असतील सगळे परत. आणि मग दहाव्या दिवशी सकाळी ती पांढरी गाडी परत आमच्या दारात.

प्रशांतने दाढी केलेली नव्हती, डोकं भादरलेलं. तो सरळ स्वयंपाकघराच्या दारात आला. "तुम्हीच ना मराठी? माझा एक प्रॉब्लेम आहे. आई ऐकत नाहीये. दहावा इथेच करायचा म्हणते, जिथे आण्णा शेवटचे गाडीतून उतरले तिथे. मी गुरुजी अरेंज केलेत, कॅलिफोर्नियाचे, फोनवर सांगतील. आमची उद्याची फ्लाइट आहे. तुमचा फोन मिळेल का?"

आमचा फोन भिंतीवर होता. वायर ओढली की मागच्या दारापर्यंत यायची. मिचिकोआंटीला मी सांगायला गेलो, तर ती आधीच टेबल पुसून बाहेर काढत होती. जपान्यांतही मेलेल्यासाठी भात मांडतात. तिला काही सांगावं लागलं नाही.

मागच्या दाराबाहेर काळ्या लाव्ह्यावर पिंड मांडला. भात मी कुकरला केला. प्रशांत फोन कानाशी धरून एकेक करत गेला. अखेर गुरुजी म्हणाले, आता बाजूला व्हा, आणि वाट बघा.

कावळ्याची.

मला हे सांगायला हवं होतं. सकाळीच सांगायला हवं होतं. पण माझ्या तोंडून निघालं नाही. शेवटी प्रशांतनेच विचारलं, "इथे कावळे कुठे असतात?"

"साहेब, या बेटावर कावळा नाही."

"म्हणजे? कावळा कुठेही असतो!"

"इथे नाही."

मी कालानी अंकलला बोलावलं. तो हॅट काढून उभा राहिला आणि म्हणाला, होता. आमचाही कावळा होता, फक्त या बेटावरचा. अलाला म्हणतात. माझी आजी सांगायची, माणूस मेला की तोच आत्म्याला दक्षिणेच्या टोकाला नेतो, तिथून उडी मारायची. पण रानातले शेवटचे दोन गेल्या वर्षीपासून कुणाला दिसले नाहीत. काही थोडे पिंजऱ्यात वाढवतायत, खाली ज्वालामुखीच्या बाजूला.

मी हे मराठीत मावशींना सांगितलं. त्या लाव्ह्याच्या दगडावर पोतं टाकून बसल्या होत्या. त्यांनी शांतपणे ऐकलं. "म्हंजे हितल्या लोकांचं बी कावळ्यावाचून अडलंय म्हणा की," त्या म्हणाल्या. आणि मग, "कावळा शिवल्याबिगर मी हितनं हलणार न्हाई. चाळीस वर्सं संसार केला. मागं काय राह्यलंय त्येंच्या मनात, ते कळल्याबिगर कशी जाऊ?"

प्रशांतने नंबर शोधून त्या पिंजऱ्यांच्या जागी फोन लावला. मी ऐकत होतो. चिपचा इंजिनिअर तो, एरवी फाडफाड बोलणारा. "हाय. आय नो धिस साऊंड्स स्ट्रेंज... वी नीड अ क्रो. फॉर फाइव्ह मिनिट्स... नो, वी वोन्ट टच हिम. ही हॅज टु टच समथिंग." पलीकडच्या बाईने सगळं ऐकून घेऊन त्याला नीट समजावलं असावं. मग "थँक यू, नो, आय अंडरस्टँड" म्हणून त्याने फोन ठेवला आणि भिंतीला कपाळ टेकलं.

गुरुजींना परत फोन लावला. ते म्हणाले, दर्भाचा कावळा करून पिंडाला लावा, शास्त्रात सोय आहे. दर्भ नव्हता. मी टाकीमागचं गवत उपटून आणलं, प्रशांतने त्याचा कावळा वळला. मावशींनी तो हातात घेऊन बघितला आणि परत दिला. "गवताला काय कळतंय त्येंच्या मनातलं?"

मग ते सुरू झालं, जे आपल्याकडे नदीकाठी होतं. कावळा शिवत नाही म्हणजे मेलेल्याची काही इच्छा राहिली आहे, म्हणून एकेक जण पुढे होऊन वचन देतो. इथे ऐकायला कावळाही नव्हता, पण मावशी आभाळाकडे बघून बोलू लागल्या. "आवो, मी पोरापाशी ऱ्हाते. माझी काळजी करू नगा." धुकं सरकलं. काही नाही. "प्रशांत, तू बोल." प्रशांत म्हणाला, "आण्णा, बाळाचं नाव तुमचं ठेवतो." काही नाही. "शेताचं बोल," मावशी म्हणाल्या. मला वाटतं, ते शेत विकायचं घरात चाललं असावं. मग तो खालमानेने म्हणाला, "शेत विकत नाही, आण्णा. प्रॉमिस." आणि त्या काळ्या मोकळ्या रानात त्याचा आवाज फुटला.

मी दारात उभा होतो. मला माझं आठवत होतं. आदल्या वर्षी माझे वडील गेले. मी जाऊ शकलो नाही. भावाने फोनवर सांगितलं की कावळा शिवतच नव्हता, सगळं बोलून झालं, शेवटी मी म्हटलं, धाकटा परत येईल, टपरी चालवील, तेव्हा कुठे शिवला. माझ्या वाटचं वचन भाऊ देऊन बसला होता. त्या दिवसापासून खांद्यावर कुणीतरी हात ठेवून उभं असल्यासारखं वाटायचं.

इतकी मोठमोठी वचनं चालली होती, घर, नाव, जमीन. त्यात मी वड्याचं कसं काढू? लोक म्हणतील, आचाऱ्याला खाण्यापलीकडे सुचत नाही. पण दुसरं कुणाला ते ठाऊकच नव्हतं.

"मावशी," मी म्हटलं, "आण्णांनी माझ्याकडे वडा मागितला होता."

त्यांनी मान वळवली.

"जाताना. मी म्हटलं, उतरताना गरम देतो. चढाला तळलेलं देत नाही आम्ही."

"कवा मागितला?"

"तुम्ही हात धुवायला गेला होतात."

मला वाटलं, आता रडतील किंवा मला बोलतील. त्या म्हणाल्या, "आप्रेशन झाल्यापास्नं तळलेलं दिलं न्हवतं मी त्येना. शेजारच्या घरी भजी तळली तर खिडकी लावायची. येवडी राखण केली... आन् हा मानूस माज्या माघारी अमेरिकंत वडा मागतुया!" आणि त्या हसल्या. तोंडाला पदर लावून हसल्या, हसता हसता कळवळून रडल्या, आणि प्रशांत त्यांच्याशेजारी लाव्ह्यावरच बसला. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले, पदर खोचला आणि उठल्या. "बटाटं हायत?"

"हायत. पण मी करतो, तुम्ही..."

"सरका."

मिचिकोआंटीच्या स्वयंपाकघरात आजवर कुणी बाहेरचं शिरलेलं नव्हतं. तिने स्वतः एप्रन काढून मावशींना दिला. कुकरच्या शिट्ट्या जास्त कराव्या लागतात एवढंच मी सांगितलं, बाकी त्यांनी मला बोलू दिलं नाही. लसूण जास्त, आलं कमी, धणे भरडलेले. माझ्या वडिलांसारखाच घाटावरचा वडा, हळदीला पिवळाजर्द. पहिला घाणा निघाला तसं सगळ्या हाफवेभर तो वास पसरला आणि कॉफी पीत बसलेले दोन ट्रकवाले मान वर करून बघायला लागले.

कालानी अंकलने कुठूनसं एक रुंद हिरवं पान आणलं. इथले लोक देवापुढे काही ठेवायचं तर याच पानावर ठेवतात. त्यावर मावशींनी एक वडा, बाजूला तळलेली मिरची ठेवली. पान पिंडाशेजारी मांडलं. "घ्या," त्या म्हणाल्या. "खावा. आता काय बोलत न्हाई मी."

आम्ही दाराशी येऊन उभे राहिलो. प्रशांतने गुरुजींना परत फोनवर घेतलं होतं. धुकं इतकं दाट की पिंडापलीकडचं दिसत नव्हतं. मग त्या धुक्यातून एक साळुंकी चालत आली. उडत नाही, चालत, त्या मुकादमी चालीने. पिंडाभोवती फिरली. भाताचं शीत टिपलं, टाकलं. वड्यापाशी गेली, मान तिरकी करून बघितलं, चोच घातली. कडेचा कुरकुरीत तुकडा तोडला आणि तो घेऊन उडाली.

फोनमधून गुरुजींचा आवाज येत होता, "हॅलो? शिवला का? शिवला का कावळा?"

प्रशांतने आईकडे बघितलं.

"शिवला म्हणून सांग," मावशी म्हणाल्या.

जायच्या वेळी त्या एकट्याच स्वयंपाकघरात आल्या. उरलेले वडे माझ्यासाठी झाकून ठेवले होते. मी विचारलं, आण्णा कधी करूळच्या माथ्यावरच्या एखाद्या टपरीबद्दल बोलायचे का? त्या म्हणाल्या, "सगळ्या घाटातलं वडं खाल्ल्यात त्येनी. नाव एकाचं सांगितलं न्हाई, मी जाऊन भांडीन म्हणून." मग माझ्या तोंडाकडे बघून, "का हो?"

मी वडिलांचं सांगितलं. भावाने दिलेल्या वचनाचंही. हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं.

मावशींनी एप्रन घडी करून ठेवला. "शिवला न्हवं? मग झालं. लेकराचं खोटं बी चालवून घेतोय बाप." आणि दारातून, "पन एकदा जाऊन या."

दोन-तीन वर्षांतच नवा रस्ता सुरू झाला. रुंद, सरळ, वळणं काढून टाकलेला. आमच्यापासून थोडा बाजूने जायचा. ट्रक थांबेनासे झाले. मिचिकोआंटीने २००७ मध्ये हाफवे बंद केलं आणि हिलोला बहिणीकडे राहायला गेली. जाताना मला तिचा मोठा कुकर दिला. कालानी अंकल त्याच्या आदल्या हिवाळ्यात गेला होता. त्याला दक्षिणेच्या टोकाला कुणी नेलं, कोण जाणे. मी आता हिलोत एका शाळेच्या कॅन्टीनमध्ये असतो. माझ्यासारख्याला शाळेत नोकरी मिळाली यावर भाऊ अजून हसतो.

कागद हातात आले त्या वर्षी मी गावी गेलो. वडिलांची टपरी नव्हती. घाट रुंद करताना ती जागा गेली, तिथे आता कठडा आहे, आणि पिंपळ अर्धा तोडलेला. थोडं पुढे दुसऱ्याच कुणाचीतरी टपरी होती. तिथून एक वडा घेतला, कागदावर ठेवला आणि कठड्यावर मांडला. एक डहाळी मोडून शेजारी ठेवली. खाली दरीत आमचं गाव दिसत होतं. मी मनात शब्द जुळवत होतो. येतो म्हणावं, तर खोटं. येत नाही म्हणावं, तर कसं म्हणू?

तेवढ्यात पंख वाजले. पिंपळावरून चार-पाच कावळे एकदम खाली आले, आपसात ओरडत, मारामारी करत. एकाने वडा उचलला आणि दरीवरून निघून गेला, बाकीचे त्याच्या मागे.

मी अजून काही बोललोही नव्हतो.